रथकाराची दोन चाके : एका जुन्या मोटारीच्या दुरुस्तीतून कार्यकारणभावाचा पाठ

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात एका रथकाराची कथा आली आहे. पचेतन नावाच्या राजाने आपल्या रथकारास बोलावून सांगितले, की सहा महिन्यांनी युद्ध होणार आहे, तोवर मला चाकांची नवी जोडी हवी. रथकाराने सहा महिन्यांना सहा दिवस कमी असताना एक चाक पुरे केले. दुसरे चाक त्याने उरलेल्या सहा दिवसांत केले. राजाला दोन्ही चाके सारखीच दिसली. तेव्हा रथकाराने ती जमिनीवर सोडून दाखविली. सहा दिवसांत केलेले चाक जोर होता तोवर गेले, मग गरगरून आडवे पडले. दुसरे चाक जोर होता तोवर गेले आणि आसावर बसविल्याप्रमाणे उभे राहिले. पडलेल्या चाकाची धाव वाकडी होती, आरे वाकडे होते, तुंबाही सदोष होता. पूर्वी आपणच तो रथकार होतो, असे सांगून भगवान बुद्धांनी काया, वाचा आणि मन यांतील वाकडेपणा ओळखण्याचा उपदेश भिक्खूंना केला.

या कथेतील एक बारकावा तंत्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. चाक स्थिर असताना त्याचा दोष राजाच्या डोळ्यांना दिसला नाही. चाक चालू लागल्यावर तो प्रकट झाला. यंत्रातील बहुतेक दोष असेच असतात. प्रस्तुत लेखात एका जुन्या अमेरिकन मोटारीचे झुलते बैठक-तंत्र, म्हणजे सस्पेन्शन, आणि तिच्या गिअरची विद्युत वायरिंग यांचा अभ्यास करावयाचा आहे. ही मोटार आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसेल. परंतु तिच्यात सस्पेन्शन आणि गिअर ही दोन्ही कामे विजेच्या आधारावर चालत असल्यामुळे, दोष कसा शोधावा आणि तो कसा दूर करावा, याचा इतका चांगला धडा दुसऱ्या गाडीत सहसा सापडत नाही.

१. गाडी आणि तिचा काळ

पॅकार्ड ही अमेरिकेतील प्रतिष्ठित मोटार कंपनी. १८९९ साली ओहायो राज्यातील वॉरेन गावी तिचा आरंभ झाला आणि १९०३ मध्ये ती डेट्रॉइटला आली. तेथील ईस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरील तिचा कारखाना वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी आखला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करणे पॅकार्डला जड जाऊ लागले. १९५४ मध्ये पॅकार्ड आणि स्टुडबेकर या कंपन्या एकत्र आल्या. अशा पडत्या काळातच १९५५ च्या मॉडेलसाठी पॅकार्डने एक धाडसी रचना बाजारात आणली. तिचे नाव टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन. विल्यम अ‍ॅलिसन नावाच्या अभियंत्याची ही कल्पना होती. पुढच्या, म्हणजे १९५६ च्या मॉडेलमध्ये तिच्या जोडीला बटणे दाबून गिअर बदलण्याची विद्युत योजना आली. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधील पॅकार्डचे उत्पादन थांबले. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला, त्याच वर्षीची ही गाडी.

कंपनी बंद पडली, तरी गाड्या राहिल्या. कारखाना नाही, नवे सुटे भाग नाहीत, अशा स्थितीत त्या चालत्या ठेवण्याचे काम गेली कित्येक दशके हौशी मालक आणि कारागीर करीत आले आहेत. भाग बदलून टाकण्याची सोय नसते तेथे भाग समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते. या गाडीच्या अभ्यासाचे मोल येथेच आहे.

२. पिळाचा दांडा

मोटारीच्या चाकाला बसणारा धक्का बैठकीपर्यंत जाऊ नये म्हणून चाक आणि चासी यांच्यामध्ये काही तरी लवचीक घटक ठेवावा लागतो. बैलगाडीत तो नसतो, म्हणून प्रत्येक दगड अंगाला कळतो. आपल्या परिचयाच्या ट्रकांना पोलादी पट्ट्यांचे थर, म्हणजे पाटे असतात. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या चाकांनाही पाटेच होते. दुसरा प्रकार गुंडाळीच्या स्प्रिंगचा. तिसरा प्रकार टॉर्शन बारचा, म्हणजेच पिळाच्या दांड्याचा. पोलादी दांड्याचे एक टोक घट्ट बांधून दुसऱ्या टोकाला हात जोडला आणि तो हात चाकाने वर ढकलला, की दांड्याला पीळ बसतो. पीळ सुटू पाहतो आणि चाकाला परत खाली आणतो. २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत राहिलेल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीच्या पुढच्या चाकांना असेच दांडे होते. त्यांचे मागचे टोक चासीला बांधलेले असे.

अ‍ॅलिसन यांनी दांड्याचे हे मागचे टोक चासीला बांधलेच नाही. गाडीच्या प्रत्येक बाजूला एकेक लांब दांडा ठेवून त्यांनी त्याचे एक टोक पुढच्या चाकाच्या हाताला आणि दुसरे टोक त्याच बाजूच्या मागच्या चाकाच्या हाताला जोडले. आता काय होते ते पाहा. पुढचे चाक उंचवट्यावर चढले, की पुढचा हात वर जातो आणि दांड्याला पीळ बसतो. तो पीळ दुसऱ्या टोकाला असलेल्या मागच्या हाताला खाली रेटतो. मागचे चाक जमिनीवर टेकलेलेच असल्याने ते आणखी खाली जाऊ शकत नाही. म्हणून त्या रेट्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. नाक वर आणि पाठ खाली असा होडीसारखा हेलकावा न घेता सबंध गाडी समपातळीत हळुवार वर येते. धक्का पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटला जातो आणि चासीवर पडणारा पीळ पुष्कळ कमी होतो. फ्रान्सच्या सिट्रोएन २ सीव्ही या छोट्या गाडीतही प्रत्येक बाजूची पुढची-मागची चाके एकमेकांशी जोडलेली होती. परंतु तेथे गुंडाळीच्या स्प्रिंग होत्या.

मात्र प्रत्येक गुणासोबत काही गरजा जन्माला येतात. पुढचे आणि मागचे हात एकाच दांड्याने बांधले गेल्यामुळे गाडीला स्वतःचे असे पुढे-मागे समतोल राखण्याचे बळ उरले नाही. मागच्या बाकावर तीन माणसे बसली आणि डिकीत सामान भरले, तर पाठ खाली जाऊन नाक वर होणार. ही उणीव भरून काढण्यासाठी मागच्या हातांना दोन आखूड दांडे जोडण्यात आले, आणि त्या आखूड दांड्यांना हवा तितका पीळ देण्यासाठी एक विद्युत मोटर बसविण्यात आली. हे असल्यामुळे ते आले. ते नसते तर हेही नसते. प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र आपण परित्राणपाठाच्या वेळी ऐकतो, तेच येथे लोखंडात पाहावयास मिळते. सुखकर चालीसाठी जोडलेला लांब दांडा आहे, म्हणून आखूड दांड्यांची गरज आहे. आखूड दांडे आहेत, म्हणून मोटर आहे. मोटर आहे, म्हणून वायरिंग आहे. आणि वायरिंग आहे, म्हणून वर्षांमागून वर्षे गेल्यावर गंज आहे.

३. समपातळी राखणारी मोटर

चासीच्या मागच्या भागात ही मोटर आणि तिचे दंतचक्रांचे घर असते. गाडीची पाठ ठरलेल्या उंचीवरून खाली किंवा वर गेली, की नियंत्रण स्विचमधील संपर्क जुळतो. परंतु तो जुळताच मोटर सुरू होत नाही. सुमारे सात सेकंदांचा विलंब ठेवलेला आहे. रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याला मोटर उत्तर देऊ लागली असती, तर ती थोड्याच दिवसांत निकामी झाली असती आणि बॅटरीही रिकामी झाली असती. खड्डा क्षणभर असतो, माणसांचे वजन टिकून राहते. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी हे सात सेकंद आहेत.

दुसरी खबरदारी ब्रेकची. ब्रेक लावला की गाडीचे नाक दबते आणि पाठ उचलली जाते. हा बदल वजनाचा नव्हे, वेगाचा असतो. म्हणून ब्रेकचे दिवे लागतात तेव्हा समपातळीचे मंडल तोडले जाईल, अशी जोडणी केलेली आहे. तिसरी खबरदारी मर्यादेची. मोटर एका टोकापर्यंत पोहोचली की तिला थांबविणारा स्विच असतो.

या मंडलात विजेच्या दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे. पहिली वाट हुकमाची. बॅटरीतून निघालेला अल्प प्रवाह नियंत्रण स्विचमधून सोलेनॉइडपर्यंत जातो. दुसरी वाट कामाची. सोलेनॉइडने आपला जाड संपर्क जुळविला, की बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरमधून वाहून चासीमार्गे, म्हणजे अर्थमार्गे, बॅटरीकडे परततो. वर उचलण्यासाठी एक सोलेनॉइड आणि खाली आणण्यासाठी दुसरे. मोटर मात्र एकच. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे निम्मे दोषशोधन सोपे होते.

४. बटणांचा गिअर

१९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीनेही बटणांचा गिअर आणला. परंतु तिची बटणे तारेच्या दोरीने, म्हणजे केबलने, थेट गिअरबॉक्सशी जोडलेली होती. पॅकार्डची बटणे विद्युत होती. सुकाणूच्या दांड्याजवळ, चालकाच्या उजव्या हाताला असलेल्या छोट्या पेटीतील बटण दाबले, की गिअरबॉक्सवरील मोटर फिरून गिअरची कळ योग्य जागी नेते. कळ तेथे पोहोचली की आतील संपर्क तुटतो आणि मोटर थांबते. म्हणजे येथेही हुकूम, काम आणि थांबणे अशा तीन गोष्टी आहेत. सस्पेन्शनच्या मोटरचे तत्त्व ज्याला समजले, त्याला गिअरच्या मोटरचे तत्त्व नव्याने शिकावे लागत नाही.

या योजनेची दुखणी प्रसिद्ध आहेत. मोटर आणि तिचा जोड गाडीच्या पोटाखाली, उष्णता, तेल आणि पाणी यांच्या सान्निध्यात राहतो. त्यामुळे पितळी संपर्कांवर हिरवट थर चढतो. दुसरे दुखणे उतारावरचे. उतारावर गाडी उभी करून हँडब्रेक न लावता थेट पार्कचे बटण दाबले, तर गाडीचे सारे वजन गिअरबॉक्समधील एका लहानशा खिट्टीवर येते. निघताना ती खिट्टी ओढून काढण्यास मोटरचे बळ पुरत नाही, प्रवाह वाढतो आणि सर्किट ब्रेकर तुटतो. मालकाला वाटते वायरिंग बिघडले. वास्तविक वायरिंग निर्दोष असते. दोष गाडी उभी करण्याच्या सवयीत असतो. आधी ब्रेक दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा, त्यावर गाडीचे वजन येऊ द्यावे आणि मग पार्कचे बटण दाबावे. हा नियम आजच्या कोणत्याही स्वयंचलित गिअरच्या गाडीलाही लागू आहे.

५. दोषशोधनाच्या चार पायऱ्या

चार आर्यसत्यांची मांडणी वैद्याच्या पद्धतीशी जुळते, असे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते, आणि त्याचा मार्ग आहे. यंत्राच्या वैद्यानेही याच क्रमाने जावे.

पहिली पायरी : दुखणे नेमक्या शब्दांत मांडावे. “सस्पेन्शन खराब आहे” हे दुखण्याचे वर्णन नव्हे. मागे दोन माणसे बसविली, दहा सेकंद थांबलो, कोणताही आवाज आला नाही, हे वर्णन झाले. आवाज आला की नाही, कोणता आला, एकाच दिशेला काम होते की दोन्ही दिशांना होत नाही, हे लिहून काढावे.

दुसरी पायरी : दुखण्यावरून कारणाचे क्षेत्र आखावे. सोलेनॉइडची टक अशी चाहूल येते, पण मोटर फिरत नाही, तर हुकमाची वाट ठीक आहे. दोष कामाच्या वाटेत आहे, म्हणजे बॅटरी, सोलेनॉइडचा जाड संपर्क, मोटरचे ब्रश किंवा अर्थ. मोटर फिरते, पण गाडी उचलली जात नाही, तर वीज निर्दोष आहे. दंतचक्रे, जोड किंवा दांडे पाहावेत. गाडी खाली येते, पण वर जात नाही, तर मोटरवर संशय घेऊ नये; मोटर दोन्ही दिशांना एकच आहे आणि ती एका दिशेला फिरून दाखवीत आहे. तेव्हा वरच्या दिशेचे सोलेनॉइड, त्याची वायर आणि मर्यादेचा स्विच तपासावा. काहीच घडत नाही, चाहूलही नाही, तर हुकमाची वाट सुरुवातीपासून तपासावी, आणि त्यातही आधी गाडीच्या मागे जाऊन ब्रेकचे दिवे पाहावेत. ब्रेक न लावताही ते लागलेले असतील, तर ब्रेकच्या दिव्याचा स्विच चिकटला आहे आणि त्यानेच समपातळीचे मंडल तोडून ठेवले आहे. दुखणे एका ठिकाणी आणि कारण भलतीकडे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरी पायरी : कारण मोजून सिद्ध करावे. कालामांना बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर किंवा बोलणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, असे सांगितले. “या गाड्यांचे सोलेनॉइडच जाते” असे एखादा जुना कारागीर म्हणतो, तेव्हा त्याच्या अनुभवाचा मान राखून मल्टिमीटर लावावा. लांब मंडलात एका टोकापासून प्रत्येक जोड तपासत बसण्यापेक्षा मध्यावर मोजावे. मध्यापर्यंत वीज येत असेल, तर अलीकडचा निम्मा भाग निर्दोष ठरला. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्यावा. सोळा जोडांच्या वाटेत अशा रीतीने चार मोजण्यांत दोषाची जागा सापडते.

चौथी पायरी : दुरुस्ती करून मूळ दुखण्याची पुन्हा परीक्षा घ्यावी. मागे तीच दोन माणसे बसवावीत, तेवढेच सेकंद थांबावे. मोटर फिरली एवढ्यावर समाधान न मानता गाडी समपातळीत येते का आणि आल्यावर मोटर थांबते का, हेही पाहावे.

६. एक छोटे गणित

शिकाऊ कारागिराची सर्वांत मोठी फसगत येथे होते. तो मोटरची वायर सोडवितो, तिला मीटर लावतो, मीटर १२ व्होल्ट दाखवितो. वीज येत आहे, असा निष्कर्ष काढून तो मोटर निकामी ठरवितो. पण वायर सोडविल्यावर तिच्यातून प्रवाहच वाहत नाही, आणि प्रवाह नसेल तेथे गंजलेला जोड आपला अडथळा प्रकट करीत नाही. राजासमोर उभे करून ठेवलेल्या चाकासारखी तिची स्थिती असते.

समजा, भार उचलताना मोटरमधून ६० अँपिअर प्रवाह वाहत आहे आणि अर्थच्या गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे त्या जोडात ६० गुणिले ०.०५, म्हणजे ३ व्होल्ट खर्च होतात. मोटरच्या वाट्याला १२ ऐवजी ९ व्होल्ट उरतात. शिवाय ३ व्होल्ट आणि ६० अँपिअर यांचा गुणाकार १८० वॅट. म्हणजे ६० वॅटच्या तीन दिव्यांइतकी उष्णता त्या एका जोडात निर्माण होते. तो जोड तापतो, तापल्याने आणखी गंजतो, गंजल्याने रोध वाढतो. कारणातून कार्य आणि त्या कार्यातून पुन्हा तेच कारण, असे हे चक्र आहे.

म्हणून मोजणी चालत्या मंडलात करावी. मोटरवर भार असताना मीटरची एक सळई मोटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टोकाला लावावी. येथे शून्याजवळचा आकडा यावयास हवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक येत असेल, तर दोष त्या दोन सळयांच्या मधल्या वाटेत आहे. मग एक सळई पुढे पुढे सरकवीत आकडा कोठे एकदम बदलतो ते पाहावे. तोच वाकडा आरा. कित्येकदा नव्या मोटरच्या किमतीचे काम अशा वेळी एका पॉलिश पेपरच्या तुकड्यात होते.

७. वायर बदलण्याची रीत

जुन्या गाडीच्या वायरचे आवरण उन्हाने आणि तेलाने कडक होऊन तडकते. आत तांब्याच्या तारा काळ्या पडतात. अशा वायरला पट्टी गुंडाळून काम निभावू नये. ती बदलताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

(अ) एकही वायर सोडविण्यापूर्वी दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी आणि कागदावर आकृती काढावी. छायाचित्र घ्यावे, पण त्यावरच अवलंबून राहू नये. हाताने आकृती काढताना जे समजते, ते छायाचित्राने समजत नाही.

(आ) नवी वायर जुनीइतक्याच किंवा तिच्याहून अधिक जाडीची घ्यावी. मोटरच्या कामाच्या वाटेत बारीक वायर घालणे म्हणजे आपणच रोध विकत आणणे होय.

(इ) शक्य तेथे मूळ रंगाचीच वायर वापरावी. पुढे येणाऱ्या कारागिराला मूळ आकृतीवरून वाचता आले पाहिजे. आपले काम आपल्यानंतर दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, याचे भान ठेवावे.

(ई) टर्मिनल योग्य पकडीने दाबून बसवावे. डाख द्यावयाचा असल्यास जोडाला नंतर हिसका बसणार नाही असा आधार द्यावा. चासीच्या छिद्रातून वायर नेताना रबरी कडे घालावे. पत्र्याच्या धारेने आवरण कापले जाऊन आगी लागतात.

(उ) अर्थच्या जोडाखालचा रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करावा, बोल्ट घट्ट करावा आणि वरून ग्रीसचा पातळ हात द्यावा.

(ऊ) फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर वारंवार तुटत असेल, तर त्याच्या जागी मोठा बसवू नये. तो आपल्याला काही सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले, की वायरच फ्यूजचे काम करते आणि गाडी जळते.

आज काही मालक मूळ नियंत्रण स्विचच्या जागी नवे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवितात. त्यात गैर काही नाही. मात्र मूळ स्विच काय काम करीत होता, सात सेकंद का थांबत होता आणि ब्रेकला का जुमानत होता, हे समजल्यावरच ते करावे.

८. जिवाची काळजी

सस्पेन्शनचे काम करताना निष्काळजीपणाला क्षमा नाही. साध्या स्प्रिंगची गाडी जॅकवर उचलली, की स्प्रिंगचा ताण बराच कमी होतो. या गाडीच्या पिळाच्या दांड्यांचे तसे नाही. चाके लोंबकळत असली, तरी दांड्यांत प्रचंड पीळ शिल्लक असतो. खास अवजारे आणि अनुभवी मार्गदर्शक यांच्यावाचून ते सोडविण्याचा विचारही करू नये. विद्युत भागाचे काम दांड्यांना हात न लावता करता येते, आणि शिकाऊ विद्यार्थ्याने तेवढेच करावे.

गाडी उचलण्यापूर्वी बॅटरी तोडावी. मंडल जिवंत असताना गाडी उचलली, तर उंचीतील बदल पाहून समपातळीची मोटर आपले काम करू लागेल आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर गाडी हलेल. जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही शिरू नये. चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात आणि चाकांना ठोकळे द्यावेत. गिअरच्या मोटरचे काम करताना बटण पार्कचे दाबलेले आहे, म्हणून गाडी स्थिर आहे, असे समजू नये. गिअर खरोखर कोठे आहे, हे गिअरबॉक्सवरील कळ सांगते. बटण केवळ इच्छा सांगते.

९. या अभ्यासाचे आपल्याशी नाते

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बुद्ध राजकुमार अभयाला विचारतात, की रथाच्या अवयवांविषयी कोणी अचानक प्रश्न केला, तर तू उत्तर आधी जुळवून ठेवतोस का? अभय म्हणतो, मला रथाची अंगप्रत्यंगे चांगली ठाऊक आहेत; उत्तर मला त्या क्षणीच सुचते. धम्माच्या ज्ञानाची तुलना करण्यासाठी भगवंतांनी रथाच्या जाणकाराची उपमा निवडली. नागसेन भन्तेंनीही मिलिंद राजाला अनात्माचा सिद्धान्त समजावून सांगताना रथाचाच आधार घेतला. आस, चाके, जू यांपैकी एकही वस्तू म्हणजे रथ नव्हे, आणि त्यांच्यावाचून निराळा रथही नाही. बौद्ध परंपरेत कारागिराची विद्या हलकी मानलेली नाही.

आपल्या समाजाच्या वाट्याला मात्र शतकानुशतके केवळ कष्ट आले. चामडे, लाकूड, दगड, माती यांचे काम आमच्या पूर्वजांच्या हातांनी केले, पण त्या कामामागील विद्येचा मान त्यांना मिळाला नाही, आणि पुढचे शिक्षण घेण्याची दारे बंद राहिली. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सभासद असताना त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणाला महत्त्व दिले, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात, असा सरकारकडे आग्रह धरला. हात आणि बुद्धी यांची फारकत संपविणे हा त्या आग्रहाचा अर्थ होता.

म्हणून वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पाना हाती धरण्यात कमीपणा मानू नये, आणि पालकांनीही मानू नये. मात्र पाना धरताना आकृती वाचता आली पाहिजे, गणित मांडता आले पाहिजे, “का” हा प्रश्न विचारता आला पाहिजे. सांगितलेला भाग बदलणारा मनुष्य उद्या दुसऱ्या भागाची वाट पाहत बसतो. कारण शोधणारा मनुष्य बंद पडलेल्या कारखान्याची गाडीही चालती ठेवतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यात, गॅरेजमध्ये, एसटीच्या कार्यशाळेत किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काम करीत आहेत, त्यांनी सुटीच्या दिवशी शाळेत येऊन एखादी जुनी मोटर, एखादा जुना स्विच मुलांसमोर उघडून दाखविला, तर या स्मरणिकेतील कोणत्याही लेखापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

स्वाध्याय

१. गाडी खाली येते, पण वर जात नाही. मोटर निर्दोष आहे, हे तुम्ही कोणत्याही मोजणीवाचून कसे सांगाल?

२. नियंत्रण स्विचमध्ये सात सेकंदांचा विलंब ठेवला नसता, तर खडबडीत रस्त्यावर काय घडले असते?

३. एका जोडाचा रोध ०.०२ ओहम आहे आणि त्यातून ५० अँपिअर प्रवाह वाहतो. जोडात किती व्होल्ट खर्च होतील आणि किती वॅट उष्णता निर्माण होईल?

४. आपल्या वसतिगृहातील पाण्याचा पंप सुरू होत नाही, असे समजा. वरील चार पायऱ्यांच्या आधारे दोषशोधनाचा क्रम आपल्या वहीत लिहा.